घराचं रिनोव्हेशन : बजेट फुटतं ते नेमकं कुठे?

खिडकीपाशी :
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आता स्वतःवर आलंय म्हणून धागा काढतेय.
आमचा फ्लॅट तीसेक वर्षं जुना, मोठ्या शहरात, भर वस्तीत, चौथा मजला. दोन बेडरूम, दोन बाथरूम. आम्ही सेकंडहँड घेतला आणि घेतल्यापासून रंगाखेरीज काही केलेलं नाही. आता दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा आणि कपाटं, सगळीकडची फरशी, वायरिंग, एका बेडरूमला वॉर्डरोब, हॉलला फॉल्स सीलिंग आणि रंग असं करायचं ठरतंय. एका रविवारी दोघांनी बसून एक्सेल केलं आणि एक आकडा काढला. रक्कम मुद्दाम लिहीत नाही, कारण दर शहराचे भाव वेगळे आणि मग धागा "एवढ्यात तर आमच्याकडे अख्खं घर होतं" वर जातो. त्या आकड्याला १०० म्हणूया.
तीन ठेकेदारांची कोटेशन आली. ९४, १३१ आणि १२८. नवरा म्हणतो ९४ वाल्याला देऊन टाकू, वर सहा उरतात. मला ते ९४ बघूनच धडकी भरतेय. आमचं सगळं ओढूनताणून ११५ पर्यंत जातं, त्यापुढे कर्ज, आणि ते मला नकोय.
तर प्रश्न असा की यातला खरा आकडा कुठला? ११५ मध्ये बसवायचं तर कापायचं काय? आणि सगळे म्हणतात बजेट फुटतं, ते नेमकं कुठे फुटतं?

निवांत_८ :
घर पहावं बांधून, लग्न पहावं करून.

गोगलगाय :
ही म्हण कितव्या प्रतिसादात येते याची मनातल्या मनात पैज लावली होती. पहिल्यातच :ड

हिशेबी_माणूस :
खिडकीपाशी, आधी एक करा. तिन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवा आणि त्यात काय लिहिलंय ते बघू नका, काय लिहिलेलं नाही ते बघा. माझा अंदाज, ९४ वाल्याच्या कागदावर राबिट (फोडकामाचा मलबा) खाली नेऊन टाकायचा खर्च नसेल, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग नसेल, कर नसेल, आणि वायरिंग म्हणजे नुसते बोर्ड बदलणार की भिंतीतल्या वायरी काढून नवीन ओढणार याबद्दल मौन असेल. शिवाय कुठेतरी बारीक अक्षरात 'टाइल बेसिक रेट अमुक' असं असणार. त्या रेटमध्ये दुकानात काय मिळतं ते प्रत्यक्ष जाऊन बघा. आमच्या वेळी त्या रेटमध्ये एकच डिझाइन होतं, फिकट गुलाबी, त्यावर शंख.
दुसरं म्हणजे एक्सेल करताना सगळे फरशी धरतात आणि भिंती विसरतात. १० बाय १२ ची खोली घ्या, फरशी १२० स्क्वेअर फूट. आता ५ बाय ८ चं बाथरूम घ्या, फरशी फक्त ४०. पण भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल लावली की चारी भिंतींचे १८२ होतात, दरवाजा वजा करून १६५ च्या आसपास. म्हणजे खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं बाथरूम दोनशेच्या वर टाइल खातं, आणि त्यात कटिंग जास्त म्हणून मजुरीचा रेटही चढा. तुमची तर दोन आहेत. वर वेस्टेज धरा, सरळ लावली तर १० टक्के, तिरकी किंवा हेरिंगबोन म्हणालात तर १५.

गोगलगाय :
शंखवाली टाइल आमच्याकडे अजून आहे. हसू नका.

चौथा_मजला :
राबिटाबद्दल हिशेबी_माणूस यांना जोरदार अनुमोदन. माझं नावच बघा, त्यामुळे अनुभवाचे बोल. एका बाथरूमच्या टाइल आणि खालचा माल (सिमेंट-वाळूचा थर) फोडला की किती निघत असेल? आम्हाला वाटलं दहाबारा गोण्या. ४३ निघाल्या. मी मोजल्या कारण गोणीमागे पैसे होते आणि प्रत्येक मजल्याला रेट वाढत होता. सोसायटीने लिफ्टमधून राबिट न्यायला बंदी केलेली, त्यामुळे चार मजले पाठीवर. खाली टेम्पो उभा करायला जागा नाही म्हणून गोण्या दोन दिवस जिन्याखाली, त्यावरून सेक्रेटरींचा फोन, मग रात्रीचा टेम्पो, त्याचा रेट वेगळा. फोडायला जेवढी मजुरी गेली त्याच्या दीडपट ते घरातून बाहेर काढायला गेली. आमच्या एक्सेलमध्ये या सगळ्यासाठी ओळच नव्हती.

तिरका_कोपरा :
एवढं घाबरवू नका हो त्यांना. सरळ उपाय आहे, मजुरीवर द्या. माल स्वतः आणा. ठेकेदार मालावर स्वतःचं मार्जिन लावतो ते वाचतं आणि कुठली वायर, कुठला पाइप ते आपल्या डोळ्यांसमोर असतं. मी असंच केलं, मालासकट कोटेशनपेक्षा साधारण १८ टक्के कमी पडले. गवंडी वेगळा, प्लंबर वेगळा, सुतार वेगळा, सगळे माझ्या हाताखाली.

पारिजात :
तिरका_कोपरा, तुम्ही तेव्हा नोकरी करत होतात का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.
आम्हीही मजुरीवरच दिलं होतं. सकाळी दहाला फोन, म्याडम दोन एल्बो कमी पडले. साडेअकराला फोन, सिमेंट संपलं. टाइल बसवणारा आला तर प्लंबरचं काम व्हायचंय, प्लंबर आला तर इलेक्ट्रिशियनने झिऱ्या (वायरसाठी भिंतीत खाचा) मारलेल्या नाहीत, आणि जो रिकामा बसतो त्याचा रोज चालूच. माझ्या २२ रजा गेल्या. त्या रजांचे पैसे धरले तर तुमचे १८ टक्के आमच्याकडे उलटे झाले.
आणि टाइलचं तर विचारूच नका. पाच बॉक्स कमी पडले म्हणून त्याच दुकानातून, तेच नाव, तेच डिझाइन आणले. लावल्यावर संध्याकाळच्या उन्हात बघते तर हॉलच्या मधोमध सावली पडल्यासारखा पट्टा. बॉक्सवर शेड नंबर आणि लॉट नंबर असतो हे मला तेव्हा कळलं. आता पाहुणे आले की त्या पट्ट्यावर सतरंजी.

तिरका_कोपरा :
नोकरी करत होतो, पण वर्क फ्रॉम होम. हे लिहायला हवं होतं, मान्य. हेडफोन लावून मीटिंग आणि मागे ड्रिल. बॉसने एकदा विचारलं, तुमच्याकडे युद्ध सुरू आहे का?

वाचकमात्र :
थोडं अवांतर. 'आपलं काम अंदाजाप्रमाणेच होईल' या समजुतीला डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. आपण अंदाज बांधताना सगळं सुरळीत चाललेलं चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि तेच गणितात उतरवतो. यातलं गाजलेलं उदाहरण किचनचंच आहे. २००२ मध्ये किचन नवीन केलेल्या अमेरिकन घरमालकांची पाहणी झाली, त्यांचा प्रत्यक्ष सरासरी खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून थोडा जास्तच निघाला. कानेमन यांचा सल्ला साधा होता, आपलं एक्सेल बाजूला ठेवा आणि असंच काम केलेल्या दहा जणांना शेवटी किती लागले ते विचारा. तेव्हा खिडकीपाशी, तुमच्याच बिल्डिंगमध्ये कोणी केलं असेल तर त्यांचं दार वाजवा. तीच लाइन, तोच बिल्डर, तेच पाइप.

निवांत_८ :
सिडनीचं ऑपेरा हाउस १९५७ च्या अंदाजात ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, १९७३ ला पुरं झालं तेव्हा १० कोटी २० लाख. आणि दहा वर्षं उशीर. खिडकीपाशी, तुमचं १०० चं १२८ म्हणजे तुम्ही फारच शिस्तीच्या.

खिडकीपाशी :
:ड नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला आपल्याकडे गाणारं कोणी नाही तेवढंच वाचलं.
हिशेबी_माणूस, तुम्ही म्हणालात तसं केलं. ९४ वाल्याला फोन करून एकेक विचारलं. राबिट? "ते तुमच्याकडे." वॉटरप्रूफिंग? "पाहिजे असेल तर लावू, एक्स्ट्रा." वायरिंग? "बोर्ड नवीन, वायरी चांगल्या आहेत." न बघता चांगल्या आहेत म्हणे. कर? "बिल पाहिजे का?" सगळं धरून परत बेरीज केली, राबिट ४, वॉटरप्रूफिंग ५, वायरिंग ११, कर १२. झाले १२६. म्हणजे तिघेही सव्वाशे ते एकतीसच्या आतच होते, एकाने फक्त पडदा ओढून ठेवला होता.

ओळंबा :
नमस्कार. मी पलीकडच्या बाजूचा. वीस वर्षं हीच कामं घेतोय, म्हणजे या धाग्यावर ज्याला बोलणी बसतायत तो मी. दोन शब्द आमच्या बाजूने.
बजेट फुटतं ते दोन ठिकाणी. एक भिंतीच्या आत, दुसरं तुमच्या डोक्यात. राग मानू नका.
भिंतीच्या आतलं आधी सांगतो. जुन्या बिल्डिंगमध्ये जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात, बाहेरून ठणठणीत दिसतात. कापून बघा, आतून गंज धरून भोक करंगळीएवढं राहिलेलं. वरच्या मजल्यावर प्रेशर येत नाही म्हणून लोक पंप बसवतात, आणि प्रेशर आलं की तोच पाइप भिंतीत फुटतो. बाथरूमचा स्लॅब काही बिल्डिंगमध्ये फूटभर खाली असतो, त्यात विटांचे तुकडे भरलेले. वरून टाइल काढून काम होईल म्हणून रेट देतो, फोडल्यावर भराव पाण्याने पिचपिचीत. मग तो सगळा काढायचा. ५ बाय ८ मध्ये फूटभर भराव म्हणजे ४० घनफूट, वजनाने दोनेक टन, आणि तो चौथ्या मजल्यावरून खाली. चौथा_मजला ताईंच्या ४३ गोण्या नुसत्या टाइल आणि मालाच्या असणार. कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. तुमच्या डोळ्यांना भिंत सरळ दिसते, ओळंबा सोडला की वरखाली इंचाचा फरक. मग एकतर गिलावा जाड करायचा, नाहीतर टाइलची शेवटची पट्टी पाचरीसारखी कापायची, आणि ती पट्टी तुम्ही पुढची वीस वर्षं बघणार. हे कोटेशन देताना मला दिसत नाही. जो ठेकेदार न फोडता छातीठोक आकडा देतो त्याने एकतर भरपूर चढवलाय किंवा तो मागाहून मागणार आहे. तिसरा प्रकार मी पाहिला नाही.
आता डोक्यातलं. गेल्या महिन्यात एका घरी बेडजवळचा स्विचबोर्ड चार वेळा हलवला. झिरी मारली, पाइप टाकला, बोर्डाची पेटी बसवली, बुजवली. मग बेडच उलट्या बाजूला ठेवायचा ठरला. परत झिरी. मग कोणीतरी इंटरनेटवर बघितलं की टीव्ही समोर नको. परत. चौथ्यांदा माझा इलेक्ट्रिशियन हातोडा ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या एका बोर्डाचं बिल मी लावलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, एका बोर्डाला एवढे? एका नाही साहेब, चारला.
म्हणून काम सुरू करायच्या आधी बेड, फ्रिज, टेबल, सगळं जमिनीवर खडूने आखा. खरंच आखा, आणि त्यातून दोन दिवस चाला.

गोगलगाय :
ओळंबा, खडूची आयडिया भारी. बहिणीला पाठवली, ती आत्ता हॉलमध्ये खडूच्या सोफ्यावर बसलीये.

हिशेबी_माणूस :
ओळंबा, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आभार. आता एक विचारतो, किचन ट्रॉल्या तुम्ही लोक रनिंग फुटावर का मोजता? आमचा ओटा एल आकाराचा होता, एक भिंत ८ फूट, एक ६. बिल १४ फुटांचं. कोपऱ्यातले २ फूट दोन्हीकडून मोजलेले, प्रत्यक्षात १२. मी चिकट माणूस म्हणून टेप घेऊन बसलो आणि दोन फूट परत मिळवले. बाकी किती जण बसत असतील?

ओळंबा :
कोपऱ्याचं कपाट करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्यातलं हार्डवेअरही महाग, म्हणून काहीजण तसं मोजतात. पण ते आधी बोलायला हवं, नंतर नाही. तुमचं बरोबर. मापाची पद्धत कोटेशनवर लिहून घ्या, ट्रॉल्यांचीही आणि रंगाचीही. रंगात खिडक्या-दारं वजा होतात की नाही यावरून मी दोस्ती तुटलेली पाहिलीय.

दवबिंदू :
मला वाटतं शहराचा मुद्दा कोणी नीट मांडलाच नाही. आमच्या सोसायटीत ठोकाठोकीला सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६ एवढीच परवानगी होती, रविवारी बंद. कारागीर शहराच्या दुसऱ्या टोकाहून लोकल आणि बस करून येणार, दहाचे पावणेअकरा होणार, कपडे बदलून हत्यारं काढेपर्यंत अकरा. एकला बंद. म्हणजे सकाळचे दोन तास आणि दुपारचे तीन, सहा कागदावर, पाच हातात, आणि त्यात सामान जिन्यातून वर आणायचं. ठेकेदाराने ४५ दिवस सांगितले होते ते आठ तासांच्या दिवसाने. आम्हाला ७८ लागले. ते जास्तीचे ३३ दिवस आम्ही भाड्याच्या जागेत होतो, आणि शहरात दोनतीन महिन्यांसाठी कोणी सरळ भाड्याने देत नाही, देतात ते चढ्या दराने. सामान दुसरीकडे गोडाऊनमध्ये, त्याचं भाडं वेगळं, हलवायचे दोनदा पैसे, परत आणताना कपाटाचा आरसा फुटला तो वेगळाच. यातलं एकही ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नसतं कारण ते त्याचं नसतंच. खिडकीपाशी, तुम्ही कुठे राहणार आहात? दोन्ही बाथरूम एकदम काढणार आहात ना?

खिडकीपाशी :
...
हे आम्ही धरलंच नव्हतं. एक झाल्यावर दुसरं काढू असं काहीतरी डोक्यात होतं.

पारिजात :
एकेक काढायचं म्हणजे प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला, टाइलवाला सगळे दोनदा येणार. आणि मधल्या काळात धूळ. लहान मूल किंवा दमा असलेलं कोणी घरात असेल तर विचारही करू नका.

आजोबा७१ :
सर्व चर्चा वाचली. सगळे टाइल आणि ट्रॉल्यांवर बोलत आहेत. मी दोन गोष्टी सांगतो ज्या बजेटमधून शेवटी कापल्या जातात आणि कापू नयेत.
एक, आरसीसीबी. ३० मिलीअँपियरचा. गिझर किंवा वॉशिंग मशीनमध्ये वीज उतरली तर हा सप्लाय तोडतो, साधा एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) तोडेलच असं नाही. वायरी लाइटला दीड, साध्या प्लगला अडीच, एसी आणि गिझरला चार स्क्वेअर एमएम अशा ढोबळ हिशेबाने विचारून घ्या आणि इलेक्ट्रिशियनला एकूण लोड मांडायला लावा. वायर भिंतीत जाते, नंतर बदलणं सोपं नसतं.
दोन, बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायचे दांडे. आत्ता नको असतील तरी कुठे लागतील ते ठरवून तिथली भिंत भक्कम करून ठेवा. मी ६८ व्या वर्षी चकचकीत टाइलवर पडलो. ती टाइल मीच निवडली होती, दुकानात फार सुंदर दिसत होती. दुकानात ती कोरडी होती.

चौथा_मजला :
आजोबा, आता कसे आहात? आणि नोंद करून घेतली.

आजोबा७१ :
ठणठणीत. खुब्यात एक स्टीलचा दांडा आहे, भिंतीवर लावायच्या आधी शरीरात बसला.

वाचकमात्र :
आजोबा _/\_
आणि खिडकीपाशी, एक राहिलंच. दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकाला अठराव्या शतकात कोणीतरी छान नवा झगा भेट दिला. त्या झग्यापुढे जुनी खुर्ची कळकट वाटायला लागली, ती बदलली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं, आणि शेवटी त्याने जुना झगा का टाकला म्हणून हळहळत निबंध लिहिला. यालाच पुढे १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन यांनी 'दिदरो इफेक्ट' म्हटलं. नवीन ओटा हा झगा असतो.

गोगलगाय :
आमच्याकडे झगा म्हणजे एक नळ होता. नळ नवीन, मग बेसिन जुनं दिसायला लागलं. आज अख्खं घर नवीन आहे आणि तो नळ गळतोय.

तिरका_कोपरा :
बरं, राखीव रकमेचं काय मत? मी म्हणतो १० टक्के पुरे. जास्त ठेवली की ती संपतेच.

हिशेबी_माणूस :
नवीन घरात १० ठीक. तीस वर्षं जुन्या घरात, दोन ओल्या जागा फोडायच्या असताना १५ च्या खाली जाऊ नका, मी तर २० म्हणेन. आणि ती वेगळ्या खात्यात टाका. फक्त भिंतीच्या आत जे निघेल त्यासाठी. चांगला दिवा आवडला म्हणून त्यातले काढायचे नाहीत.

पारिजात :
आणि ठेकेदाराला कळू देऊ नका की आहे म्हणून.

ओळंबा :
मी इथेच आहे हं.
पण पारिजात ताई बरोबर बोलतायत. तसंच पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या, तारखांवर नाही. 'पंधरा दिवसांनी इतके' असं नको, 'दोन्ही बाथरूमची पाणी-टेस्ट झाल्यावर इतके' असं. शेवटचे १० टक्के बारीकसारीक कामांची यादी संपेपर्यंत हातात ठेवा. मलाही कोणी असं लिहून दिलं की बरं वाटतं, भांडण राहत नाही. आणि पाणी-टेस्ट म्हणजे ट्रॅपला (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला) बूच मारून वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ठेवायचं, टाइल लावायच्या आधी, निदान ४८ तास, आणि खालच्या घराचं छत बघायचं. खालच्यांशी आत्तापासून गोड बोला.

निवांत_८ :
धाग्याचा मूळ प्रश्न काय होता? कापायचं काय. त्यावर कोणी बोललंच नाही. मी म्हणतो फॉल्स सीलिंग कापा. छताकडे कोण बघतं? झोपताना डोळे मिटलेले असतात.

दवबिंदू :
+१. जे नंतर करता येतं आणि करताना घर सोडावं लागत नाही ते सगळं कापा. वॉर्डरोब, सीलिंग, पडदे, दिवे. जे भिंतीत किंवा फरशीखाली जातं ते आत्ता करा.

चौथा_मजला :
फरशी कुठली आहे सध्या? तीस वर्षं जुनी म्हणजे मोझॅक असेल तर काढूच नका. पॉलिश करून घ्या. मशिनने घासतात, चिखल खूप होतो (तो बेसिनमध्ये ओतू देऊ नका, लाइन बसते), पण झाल्यावर ओळखू येत नाही.

खिडकीपाशी :
मोझॅकच आहे! हॉल आणि दोन्ही बेडरूम. मी ती गेली सात वर्षं गालिच्याखाली लपवून ठेवलीये.

तिरका_कोपरा :
मोझॅकच्या बाजूने नाही मी. ज्या ज्या ठिकाणी प्लंबिंगच्या लाइन फरशीखालून गेल्यात तिथे तोडावीच लागेल आणि मग ठिगळ दिसणार.

चौथा_मजला :
ठिगळ दाराच्या उंबऱ्याशी येतं, तिथे दगडाची पट्टी टाकतात. आमच्याकडे कोणाला आजवर दिसलं नाही. पारिजात यांच्या पट्ट्यापेक्षा बरं (सॉरी पारिजात).

पारिजात :
सतरंजी छान आहे आमची.

खिडकीपाशी :
मंडळी, दोन महिन्यांनी परत आलेय, कारण काहींनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.
आम्ही १२८ वाल्याला धरलं, कारण त्या एकट्यानेच येऊन नळ सोडून प्रेशर बघितलं होतं आणि ओट्याखाली डोकं घालून पाइपला नखाने खरवडून बघितलं होतं. त्याच्यासोबत बसून कापाकापी केली. मोझॅक ठेवून पॉलिश, तिथे १७ वाचले. सीलिंग गेलं, ६. वॉर्डरोब गेला, ६. किचनच्या कपाटांचे सांगाडे चांगले निघाले म्हणून फक्त दारं आणि बिजागऱ्या नवीन, तिथे ७. झाले ९२. भाड्याची जागा आणि सामानाची हलवाहलव ७. ११५ मधले उरलेले १६ वेगळ्या खात्यात, ज्याचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे.
फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. मोठ्या बाथरूमची टाइल निघाली, खाली माल, तो निघाला, आणि खाली परत टाइल. पांढरी, तिच्यावर निळ्या फुलांची बारीक किनार. आधीच्या मालकांनी जुन्यावरच नवीन लावली होती. मिस्त्री दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला, मग म्हणाला, तरीच तुमच्या बाथरूमला पायरी होती. सात वर्षं आम्ही त्या पायरीला ठेचकाळत होतो आणि वाटायचं असंच असतं. फोडायचं आणि न्यायचं काम वाढलं, ४ गेले. त्या खाली ट्रॅपजवळ लाइन तडकलेली, आणि खालच्या काकू जी तीन वर्षं सांगत होत्या की छताला ओल येते आणि आम्ही सांगत होतो की आमच्याकडून नाही, ती आमच्याकडूनच. त्याचे ३. काकूंचं छत आम्ही रंगवून देतोय, १.
गोण्या, चौथा_मजला, दोन्ही बाथरूमच्या मिळून १०४. मीही मोजल्या.

चौथा_मजला :
विक्रम मोडला :ड

हिशेबी_माणूस :
म्हणजे १६ पैकी ८ गेले. ९२ अधिक ७ अधिक ८, १०७. पन्नास टक्के राखीव शिल्लक, अभिनंदन. दिवस किती झाले?

खिडकीपाशी :
५२ वा आज. सांगितले होते ५०, आणि अजून रंग आणि पॉलिश बाकी आहे, म्हणजे भाड्याचे ७ पुरणार नाहीत. दवबिंदू, तुमचे ७८ डोळ्यांसमोर आहेत.
पाणी-टेस्ट झाली. मोठ्या बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी भरून ठेवलेलं, काकू दर चार तासांनी स्वतःच छताचा फोटो पाठवत होत्या, रात्री दोनलासुद्धा. कोरडं.

आजोबा७१ :
दांडे?

खिडकीपाशी :
बसवले आजोबा. कमोडशेजारी एक, शॉवरखाली एक. नवरा त्यावर टॉवेल वाळत घालतो.

ओळंबा :
त्याला सांगा तो टॉवेलचा नाही. आणि उरलेल्या ८ ला अजून हात लावू नका, पॉलिशवाला यायचाय.